कंदांचे बिऱ्हाड

हॉलंडमधील लायडन या विद्यापीठनगरीत कालव्याच्या काठी एक जुनी वनस्पतिबाग आहे. तिची पहिली आखणी १५९४ साली झाली. ती करणारा कारोलुस क्लुसियस तेव्हा वयाची पासष्टी ओलांडून गेला होता. व्हिएन्नाच्या बादशाही बागेत तो अनेक वर्षे होता, पुढे फ्रँकफुर्टला राहिला आणि १५९३ साली लायडनला आला. आयुष्यात जितकी बिऱ्हाडे बदलली, तितक्या वेळा त्याने आपले कंदही बरोबर हलवले. तुर्कस्तानातून व्हिएन्नाला पोचलेली ट्युलिपची फुले त्याच्या सामानातून या सखल, ओलसर प्रदेशात आली आणि वाढली. त्या मूळ वाफ्यांची आजच्या लायडनच्या बागेत जुन्या नोंदींवरून पुन्हा मांडणी केलेली आहे. एप्रिलमध्ये तेथे उभे राहिले तर वाफे अगदीच लहान वाटतात. अंतर राखून एकेक फूल उभे असते. आजच्या ट्युलिपच्या शेतांची सवय झालेल्या डोळ्यांना ही मांडणी दरिद्री भासते. पण ज्या काळात एकेक कंद मोजून लावला जाई, त्या काळाची ती मांडणी आहे.

लायडनहून हार्लेमकडे निघालेली आगगाडी हिलेगोम गावाच्या आसपास आली, की डब्यातील बोलणी आपोआप मंदावतात. कापडाच्या पेढीवर गिऱ्हाइकापुढे ठाणावर ठाण उलगडत जावे, तशी दोन्ही बाजूंची जमीन उलगडत जाते. एक पट्टा लाल, त्यालगत पिवळा, पुढे जांभळ्या हायसिंथचा, मधून काळसर पाण्याचा एक चर. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागचा हा चिंचोळा प्रदेश कंदांचा पट्टा म्हणूनच ओळखला जातो. येथील जमीन मूळची अशी सपाट नव्हती. जुन्या टेकड्यांची वाळू शहरांच्या बांधकामासाठी खोदून नेली गेली आणि खाली जी चुनखडीयुक्त, भुसभुशीत वाळूची जमीन उरली, ती कंदांना मानवली. चरांतील पाण्याची पातळी वर्षभर जवळजवळ सारखी ठेवली जाते. कंदाच्या मुळांना ओल मिळावी आणि कंद मात्र कुजू नये, इतकेच पाणी खाली उभे असते.

या शेतांतून दुसऱ्यांदा जाणाऱ्या प्रवाशाला एक धक्का बसतो. गेल्या आठवड्यात ज्या पट्ट्यावर लाल गालिचा होता, तेथे आज नुसती हिरवी पाने उभी असतात आणि चरांच्या काठी फुलांचे ढीग पडलेले असतात. यंत्राने फुलांची मुंडकी उडवलेली असतात. पाहुण्याला ही नासाडी वाटते. शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र या शेताचे उत्पन्न फूल हे नव्हेच. उत्पन्न जमिनीखाली आहे. फूल उमलले, त्याची जात आणि तब्येत पाहून झाली, रोगट झाडे वेचून काढली, की फुलाचे काम संपते. ते झाडावर राहिले तर बी धरू लागते आणि बी धरण्यात खर्च होणारे अन्न कंदाच्या वाट्याचे कमी होते.

कंदाचा हा अंतर्गत व्यवहार समजल्याशिवाय वसंताची बाग हलवण्याचे शास्त्र कळत नाही. ट्युलिपचा जो कंद शरदात जमिनीत जातो, तोच पुढच्या उन्हाळ्यात बाहेर येत नाही. वसंतात पान आणि फूल वर काढताना तो आपली सारी साठवण खर्च करतो, आक्रसतो आणि शेवटी कागदासारखा कोरडा होऊन संपतो. त्याच काळात त्याच्या पाकळ्यांच्या कुशीत नवे कंद भरत असतात. एखादा मोठा, बाकीचे लहान. खणणाऱ्याच्या हाती लागते ती ही पुढची पिढी. ती भरते पानांच्या कमाईवर. फूल गळून गेल्यानंतरचे सुमारे सहा आठवडे पाने ऊन खात उभी असतात आणि तेवढ्या अवधीत खालचे कोठार भरते. त्या सहा आठवड्यांत पान कापले, तर पुढल्या वर्षी पान येते, फूल येत नाही.

नाशिककडच्या वाचकांना हे निराळे सांगावे लागणार नाही. कांद्याच्या पातीने माना टाकल्या, की काढणी जवळ आली, हे त्या भागातील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तसाच ट्युलिपच्या पानांचा पिवळेपणा हा काढणीचा सांगावा आहे. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारपेठेत अशीही घरे आहेत, की ज्यांच्या पेढीवर दिवसभर कांद्याचे सौदे होतात आणि ज्यांच्या स्वयंपाकघरात कांद्याचा शिरकाव नाही. अशा घरातील कोणी जून-जुलैत हॉलंडच्या या पट्ट्यात आला, तर त्याला कोठारातले वातावरण परके वाटणार नाही. काढलेले कंद वाऱ्यावर सुकवतात, माती आणि जुनी साले काढतात, एकमेकांना चिकटलेले कंद सुटे करतात. एके काळी हे सोलण्याचे काम शाळांच्या सुट्टीत मुलांकडे असे आणि त्यावर त्यांची वरखर्चाची सोय होई. मग चाळण्यांतून प्रतवारी होते. कंदाचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजतात. अकरा-बाराच्या वरचे विक्रीला जातात, त्याखालचे बेणे म्हणून मागे ठेवतात. मोठे विकावे आणि लहान राखावेत, हा नियम. कोठारात पडलेला कंद वरून निर्जीव दिसतो. पण याच उन्हाळी दिवसांत त्याच्या पोटात पुढच्या वसंताचे फूल बीजरूपाने तयार होत असते. पुढे त्याला तीन-चार महिने थंडी मिळावी लागते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो पुन्हा मातीत जातो, आणि शक्यतो त्याच जमिनीत जात नाही. एका जागी वर्षानुवर्षे ट्युलिप लावले, तर मातीत रोग घर करतात. म्हणून कंद पिकवणारे दरवर्षी जमीन बदलतात, इतरांची शेते एका हंगामापुरती खंडाने घेतात.

याच पट्ट्यात लिस्से गावी कौकेनहॉफची प्रसिद्ध बाग आहे. नावाचा अर्थ स्वयंपाकघराची बाग. पंधराव्या शतकात येथील रानातून जवळच्या गढीसाठी भाजी आणि शिकार जात असे. १८५७ साली झोखर पितापुत्रांनी इंग्रजी धर्तीवर या परिसराची आखणी केली आणि १९४९ साली कंदांच्या काही बड्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन येथे खुले प्रदर्शन भरवण्याचे ठरवले. १९५० च्या वसंतात दरवाजे उघडले आणि पहिल्याच हंगामात दोन लाखांहून अधिक माणसे येऊन गेली. थोडक्यात, आज जगभरचे लोक जिला सौंदर्याचे तीर्थ समजतात, ती बाग मुळात व्यापाऱ्यांनी मांडलेले मालाचे दालन होय. त्यात उणे काही नाही. उत्तम माल उत्तम रीतीने मांडणे हीही एक विद्या आहे.

बेल्जियममधील अँटवर्प शहरात हिऱ्यांच्या व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांना लिस्से हे मोटारीने दोनएक तासांच्या अंतरावर आहे. बाग मार्चच्या उत्तरार्धात उघडते आणि मेच्या मध्याला मिटते; महावीर जन्मकल्याणकाची चैत्र शुद्ध त्रयोदशी बहुधा याच दिवसांत येते. सणानिमित्त भारतातून आलेल्या आप्तांना दाखवण्याजोगे याहून रम्य ठिकाण त्या हंगामात जवळपास सापडणे कठीण.

बत्तीस हेक्टरांच्या या बागेत दर शरदात सुमारे सत्तर लाख कंद हातांनी लावले जातात. ऑक्टोबरच्या आरंभी काम सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. वाफ्यांची रचना दरवर्षी नवी असते. आराखडे आधीच्या वर्षभरात कागदावर तयार होतात, आणि पुष्कळ वाफ्यांत कंद थरांनी लावतात. सर्वांत खाली उशिरा फुलणारे ट्युलिप, त्यावर मातीचा थर, मग मध्यम काळात फुलणारे, सर्वांत वर क्रोकससारखे लहान आणि घाईचे. वरचा थर मिटू लागतो तेव्हा मधला उमलतो. पाहणाऱ्याला एकच वाफा दोन महिने न कोमेजता फुललेला दिसतो. खाली तीन पाळ्यांत काम चाललेले असते, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

मेमध्ये दरवाजे बंद होताच हे सारे कंद उपटले जातात. पाने पिवळी होईपर्यंत थांबायला तेथे सवड नसते. ते कंद पुन्हा त्या बागेत लावले जात नाहीत. शरदात सुमारे शंभर व्यापारी आपले नवे कंद पाठवतात आणि नवी रचना उभी राहते. ही गोष्ट कळल्यावर काही पाहुण्यांचा चेहरा उतरतो, आणि तसे होणे स्वाभाविक आहे. सत्तर लाख कंदांच्या कुशीतील पुढची पिढी अर्धवट भरलेली असतानाच बाहेर काढली जाते. प्रदर्शनाची गरज वेगळी आणि बागेची गरज वेगळी, एवढेच त्यावर म्हणता येते.

त्या बागेबाहेर, गावातल्या विटांच्या घरांपुढे ज्या लहान बागा असतात, त्यांत मात्र थांबणे परवडते. तेथे वाफ्याची मांडणी बदलायची झाली, तर तिची सुरुवात खणण्याने होत नाही. खुणा करण्याने होते. फुले उभी असतानाच कोणत्या जातीचा कंद कोठे आहे, हे काठीला नावाची पट्टी बांधून नोंदवतात, कारण जूननंतर वाफा मोकळा दिसतो आणि जमिनीखाली काय आहे याचा मागमूस राहत नाही. मग फुलाचा देठ तेवढा छाटायचा आणि पान वाळू द्यायचे. वाळणाऱ्या पानांचे रूप ओंगळ असते, म्हणून काही जण त्यांच्या गाठी मारतात किंवा वेण्या घालतात. तसे केल्याने पानाला ऊन मिळत नाही आणि घरमालकाच्या नीटनेटकेपणाची किंमत कंदाला भरावी लागते. पान सहज ओढले असता हातात यावे, इतके ते वाळले, की खणायची वेळ झाली.

खणताना फावड्यापेक्षा दाताळ्यासारखा काटा बरा. झुबक्यापासून वीतभर दूर तो खोल घालून मातीसकट ढेकूळ उचलायचे. जवळ घातला तर नेमका उत्तम कंदच चिरतो, हा सर्वत्रचा अनुभव. कंद सुटे करून सावलीत, हवा खेळेल अशा जागी जाळीत किंवा लाकडी खोक्यात पसरतात. मऊ पडलेले, बुरशी धरलेले बाजूला काढतात. मोठे कंद नव्या वाफ्यासाठी, आणि करंगळीच्या पेराएवढे कोपऱ्यातील एखाद्या सरीत, दोन-तीन वर्षे वाढण्यासाठी. शरदात थंडी पडू लागली, की कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर करून लावायचे.

पण घराची कामे कंदांच्या सोयीने निघत नाहीत. भिंत पडायची असते, नळ घालायचा असतो, आणि कंद ऐन पानावर असतात. अशा वेळी मातीचा गोळा न फोडता पूर्ण झुबका उचलून बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात उथळ चरात तिरपा बसवतात, पाणी देतात आणि पाने तेथेच वाळू देतात. ते तात्पुरते बिऱ्हाड असते. कायमचे घर शरदात. डॅफोडिलची रीत थोडी सैल आहे. तो कंद वर्षानुवर्षे टिकतो, जागेवर वाढत जातो आणि चार-पाच वर्षांनी इतकी दाटी होते, की पाने भरघोस आणि फुले दोन-चारच, अशी स्थिती येते. फुले रोडावली, की वाटण्या करण्याची वेळ आली असे समजतात. हिमाच्या थेंबासारखे पांढरे स्नोड्रॉप मात्र या सर्वांच्या उलट. त्यांचा लहानसा कंद कोरडा पडलेला सोसत नाही, म्हणून फूल संपताच हिरव्या पानांसकट त्यांना हलवतात. एकाच वाफ्यातील तीन कंद, आणि तिघांची हलण्याची वेळ निराळी.

ज्या घरांत कंदमूळ वर्ज्य आहे, त्या घरांतील माणूस हे सारे वाचताना एका ठिकाणी थबकणारच. एका कंदाच्या पोटात अनेक जीवांची वस्ती असते, हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. ट्युलिपचा कंद आडवा चिरला तर आत दडलेली पिल्ले डोळ्यांनी दिसतात. हॉलंडमध्ये हा कंद खाण्याचा पदार्थ कधीच नव्हता. एकदाच तो खावा लागला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातील पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तुटला आणि सुमारे वीस हजार माणसे भुकेने व थंडीने मेली. युद्धामुळे न विकले गेलेले कंद कोठारांत पडून होते. मधला पिवळा कोंब विषारी म्हणून काढून टाकायचा आणि बाकीचा शिजवायचा किंवा दळायचा, अशा सूचना तेव्हा छापून वाटल्या गेल्या. त्या पिढीतील पुष्कळांना पुढे आयुष्यभर ट्युलिपकडे नुसते फूल म्हणून पाहणे जमले नाही.

हार्लेम शहर आले, की व्यापारी वाचकाला वेगळीच आठवण होते. १६३४ ते १६३७ या काळातील ट्युलिपच्या सट्ट्याची कथा बहुतेकांनी कोठे ना कोठे ऐकलेली असते. एका कंदाच्या मोबदल्यात घर, असे काहीतरी. ऐकताना एक साधा प्रश्न मात्र राहून जातो, तो म्हणजे त्या वेळी कंद होते कोठे? ते जमिनीत होते. कंद काढून प्रत्यक्ष हाती देता येतो तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि सौद्यांचा कळस झाला भर हिवाळ्यात. तेव्हा विकली जात होती ती पुढच्या उन्हाळ्यात कंद काढून देण्याची कबुली. लावतेवेळचे वजन कागदावर लिहिलेले असे. काढताना ते किती भरेल याचा अंदाज दोन्ही बाजूंनी बांधायचा. कबुलीचा कागद या हातातून त्या हातात जाई आणि कंद आपल्या जागी निश्चल. डच लोक या व्यवहाराला वाऱ्याचा व्यापार म्हणत. वायदा हा शब्द ज्यांच्या घरात रोज उच्चारला जातो, त्यांना त्यातील खुबी व धोका दोन्ही कळतील.

ज्या पट्टेदार फुलांसाठी हे चालले होते, त्यांचे पट्टे हाही एक रोगच होता. माव्याने पसरणारा विषाणू कंदात शिरला, की पाकळीवर ज्वाळांसारख्या रेघा उमटतात आणि कंद क्षीण होत जातो, पिल्ले कमी धरतो. म्हणून माल दुर्मीळ, म्हणून भाव चढा. हे कारण विसाव्या शतकात उकलले.

३ फेब्रुवारी १६३७ रोजी हार्लेममध्ये बोली पुकारली गेली आणि घेणारा पुढे आला नाही. बातमी पसरायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांच्या फटीत, ५ फेब्रुवारीला, उत्तरेकडच्या आल्कमार गावी वाउटर विंकेल या मृत खाणावळवाल्याच्या कंदांचा लिलाव झाला. त्याची मुले अनाथ होती. त्यांच्यासाठी हा लिलाव होता. एकूण बोली नव्वद हजार गिल्डरांच्या घरात गेली. कुशल कारागिराची वर्षाची मिळकत त्या काळी तीनशे गिल्डरच्या आसपास असे. त्यानंतर भाव कोसळले. सारा देश बुडाला, लोकांनी कालव्यात उड्या घेतल्या, ही मात्र पुढे रंगवलेली गोष्ट. अॅन गोल्डगार या संशोधिकेने जुने दप्तर तपासून २००७ साली दाखवून दिले, की प्रत्यक्षात दिवाळी निघालेल्यांची उदाहरणे जवळजवळ सापडत नाहीत. मोडला तो शब्दावरचा विश्वास. दिलेली कबुली पाळायची की नाही, यावर शेजाऱ्याशेजाऱ्यांत महिनोन् महिने तंटे चालले.

आल्कमारच्या दक्षिणेला काही कोसांवर लिम्मेन नावाचे लहान गाव आहे आणि तेथील जुन्या चर्चच्या शेजारी 'हॉर्टस बुल्बोरम' ही बाग. कौकेनहॉफला लाखांनी लोटणारा प्रवासी येथे क्वचित येतो. पीटर बोशमन या गावच्या शिक्षकाने १९२० च्या दशकात, बाजारातून नाहीशा होत चाललेल्या जुन्या जाती आपल्या वाफ्यात गोळा करण्यास आरंभ केला; १९२८ साली त्याला संस्थेचे रूप आले. आज ट्युलिप, हायसिंथ, डॅफोडिल, क्रोकस मिळून चार हजारांहून अधिक जाती येथे आहेत. 'डुक फान टोल' नावाचा लाल-पिवळा बुटका ट्युलिप १५९५ पासूनचा; 'झोमरस्कोन' १६२० चा. विंकेलच्या लिलावाच्या दिवशी जी फुले हॉलंडच्या बागांत होती, त्यांचेच हे वंशज. पुनःपुन्हा कंदातून कंद, मध्ये एकदाही बी नाही.

येथील वाफे आखीव आहेत आणि रचना म्हणाल तर काहीच नाही. प्रत्येक जातीचा लहानसा चौकोन, पुढे नाव व सालाची पाटी. बाजारात या जातींना मागणी नाही; देठ आखूड, फूल लहान, काहींचा रंगही फिका. कौकेनहॉफमध्ये कंद विसरून मातीत राहिला, तर कोणाचे काही जात नाही. लिम्मेनमध्ये एखाद्या चौकोनातील कंद कुजले, उंदरांनी नेले किंवा दोन खोक्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, तर चारशे वर्षांची जात त्या दुपारी संपू शकते, आणि ती संपली हे पुढचा वसंत येईपर्यंत कोणालाही कळणार नाही. म्हणून पाने पूर्ण वाळल्यावर एकेक चौकोन वेगळा खणतात. त्यातील कंद वेगळ्या खोक्यात, खोक्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवरचे नाव वहीतील नावाशी ताडलेले. हे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात.

शरदात जमीन बदलून, गेल्या वर्षी ज्या मातीत दुसरे काही होते तेथे, हेच चौकोन पुन्हा आखले जातात. खोकी ओळीने उतरतात, वहीचे पान उघडते, पहिले नाव वाचले जाते आणि कोणीतरी गुडघे टेकून मूठभर कंद एकेक करून, टोक वर करून, मातीत ठेवू लागतो.